गल्लीच्या तोंडाची तार

सौदी पासपोर्ट खात्याच्या, जवाजातच्या, शिपायांनी दाऊदला गाडीत चढवलं तेव्हा त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, आमच्या खोलीत तांदळाच्या डब्यावर पडला होता. खोलीच्या दारातून मला गाडीचं मागचं दार दिसत होतं. मध्ये फक्त आमची आंधळी गल्ली. शिपायानं आधी नीटच विचारलं होतं, "इकामा कुठे?" दाऊद म्हणाला, "घरात." शिपाई म्हणाला, "मग आण." दुसरा कुणीही पळत येऊन घेऊन गेला असता. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "बुक्रा." म्हणजे उद्या. शिपायाला वाटलं, हा थट्टा करतोय. "बुक्रा?" त्यानं विचारलं. दाऊद पुन्हा तेच म्हणाला. त्यावर त्याची मानगूट धरून त्याला गाडीत ढकललं. मी आठव्या महिन्याची, दाराची कड धरून उभी होते. तो आता वळेल, मग वळेल, असं वाटत राहिलं, आणि गाडी गेली.

तो शनिवार होता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमच्या गावात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमच्या आज्या-पणज्यांचे घाणे शनिवारी बंद असत. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. घराबाहेर खिशात किंवा हातात काही न्यायचं नाही हेही कानावर होतं, पण गावात ते कुणी फार मनावर घेत नसे. ते मनावर घेणारा माणूस मला जेद्दाला भेटला. ते बिन्यामीनकाका, दाऊदचे लांबचे चुलते.

मी चौथी शिकले. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलीला होडीनं कोण पाठवणार. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि वर्षाच्या आत दाऊदनं जेद्दाला बोलावून घेतलं. समुद्राजवळच्या जुन्या वस्तीत एक गल्ली होती, एका टोकाला बंद. तिच्यात तीन खोल्यांना दारं होती, बाकी दोन्ही बाजूंना गोदामांच्या उंच भिंती. एक खोली आमची, एक बिन्यामीनकाकांची, एक हमीदाभाभीची. हमीदाभाभी मुरूडकडची. तिचा नवरा इस्माईलभाई बंदरावर पिकअप चालवायचा. मी पहिल्या दिवशी खोलीत शिरले तेव्हा ती पाण्याची कळशी घेऊन आली, माझ्या गळ्यातली पोत बघितली, गाव विचारलं आणि म्हणाली, "शनवार तेल्याची ना गो तू? आमच्या आळीच्या मागं चार घरं होती तुमची." मी घाबरले. दाऊदनं बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "भिऊ नको. मला माहीत आहे म्हणजे कुणालाच माहीत नाही." ती तिथे आमच्या आधीपासून दहा वर्षं राहत होती, आणि आम्ही तिथे होतो तोवर तिनं तो शब्द पाळला. आमचे इकामे तपकिरी होते, मुसलमान नसलेल्यांचे. लोक आम्हाला हिंदू समजत, दाऊदचं नाव ऐकलं की ख्रिस्ती समजत. आम्ही होय म्हणत नव्हतो, नाही म्हणत नव्हतो. खरं कळलं असतं तर काय झालं असतं मला माहीत नाही. ते बघायला कुणी गेलं नव्हतं.

खोली एवढीशी. एका कोपऱ्यात गॅस, एका कोपऱ्यात गादी, खिडकीत एसी. तो एसी इतका खडखडायचा की बंद केला की कान दुखायचे. मेझुझा, म्हणजे देवाची वचनं ठेवलेली दाराची छोटी डबी, चौकटीच्या बाहेर लावायची सोय नव्हती, म्हणून दाऊदनं ती आतल्या बाजूनं, कॅलेंडरच्या मागे ठोकली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी पेल्यात पाणी, वर तेल घालून वात लावायची आणि पेला तांदळाच्या डब्यामागे ठेवायची. मगरीबची बांग सुरू झाली की दाऊद आणि काका प्रार्थना म्हणायला लागत. चारी बाजूंच्या मशिदींतून आवाज यायचा, त्या आवाजाखाली या दोघांचं पुटपुटणं कुणाला ऐकू जाणार. मी कित्येकदा विचार केला आहे, देवाला दोन्ही एकदम ऐकू येत असेल तर त्याला काय वाटत असेल. काही वाटत नसेल. त्याला सवय असेल.

शनिवारसाठी सगळं शुक्रवारी दुपारीच शिजवावं लागे. हामूर नावाचा मासा मिळायचा, आपल्या घोळीसारखा जाड. त्याचं नारळाच्या रसातलं आंबट कालवण, भात, आणि असलं तर आंब्याचं लोणचं. नारळ मिळायचे पण म्हातारे, आतलं पाणी आटलेले. खवताना हात भरून यायचे. शनिवारी दुपारी हमीदाभाभी आमच्या खोलीत यायची, "काय थंडगार जेवता गो तुम्ही," म्हणायची, न विचारता गॅस पेटवायची, त्यावर पातेलं ठेवायची आणि निघून जायची. तिला सांगायचं नाही असा नियम होता. सांगावं लागतच नव्हतं. काका म्हणायचे, "ती तिच्या मनानं करते, आपण मागितलं नाही." एकदा मी म्हटलं, "काका, मग तुम्ही सकाळपासून तिच्या दाराकडे का बघत असता?" ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काका मुंबईत शिंपीकाम करत तेव्हा सिनेगॉगमधल्या एका हजानकडून, म्हणजे प्रार्थना म्हणवणाऱ्याकडून, पुष्कळ ऐकून आले होते. कितपत नीट ऐकलं होतं ते तेच जाणोत. त्यांनी मला समजावलं की रस्त्यावर काही न्यायचं नाही, अगदी किल्ली, रुमाल, कडेवरचं पोरसुद्धा. पण जागा चहूकडून बंद असेल तर ती सगळी जागा मिळून एक घर, मग तिच्यात खुशाल न्या-आणा. याला एरूव म्हणतात. आमची गल्ली तीन बाजूंनी बंदच होती. उघडं होतं ते फक्त तोंड. तिथे काकांनी दोन बाजूंना दोन लोखंडी पाइप पुरले आणि त्यांच्या डोक्यावरून एक तार ओढली. "हा झाला दरवाजा," म्हणाले. "दरवाजा असला की ती भिंतच. दार लावलेलं असो नसो." येणाऱ्याजाणाऱ्याला ती कपडे वाळत घालायची तार वाटायची. हमीदाभाभी तिच्यावर खरंच कपडे वाळत घालायची. काका म्हणायचे, चालतं, दरवाजावर कुणी टॉवेल टाकला तर दरवाजा पडत नाही.

एवढ्यानं भागत नव्हतं. गल्लीत यहुद्यांची दोन घरं, म्हणून दोन्ही घरांच्या मालकीची एक रोटी एका घरात ठेवावी लागे, म्हणजे सगळे एका कुटुंबातले झाले. ती खुबूस मी फडक्यात बांधून खुंटीला टांगायची. आणि हमीदाभाभी यहुदी नसल्यामुळे गल्लीवरचा तिचा हक्क तिच्याकडून भाड्यानं घ्यावा लागे. हे भाडं घ्यायला काका गेले तेव्हा मी तिथेच होते.

"हमीदा, गल्ली मला भाड्यानं दे."

"चाचा, गल्ली मालकाची. मी कोण देणारी?"

"तू इथे राहतेस ना? चालतेस, बसतेस, कपडे वाळत घालतेस. तुझा जेवढा हक्क आहे तेवढा दे."

"आणि मी कुठं जाऊ?"

"कुठे जायचं नाही. फक्त दे म्हण."

"काय द्याल?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या नवीन वर्षाचा सण नुकताच झाला होता. मी गव्हाचा चीक काढून नारळाच्या रसात हलवा केला होता. त्याची एक वडी बशीत घालून दिली. हमीदाभाभीनं ती तिथल्या तिथे खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाली, "घ्या, दिली गल्ली. वर्षभर वापरा. पण पुढच्या वर्षी वेलची जास्ती घाला." तेव्हापासून दर वर्षी तिचं भाडं एक वडी. मला हसू यायचं. आज येत नाही. कुणी आपल्याकडे येऊन म्हणालं की तुझ्या गल्लीतला तुझा वाटा मला दे, माझ्या देवाला पाहिजे, तर किती लोक देतील?

या तारेमुळे दाऊदला शनिवारी गल्लीत बसता यायचं. तो कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी मालकाच्या, दुकानात शीतपेट्यांच्या सुट्या भागांच्या काउंटरवर होता. शुक्रवारी गोदाम राखायला कुणी तयार नसे, ते तो करायचा आणि बदल्यात शनिवार घ्यायचा. सगळं जेद्दा शनिवारी कामाला लागायचं आणि माझा नवरा गल्लीच्या तोंडाशी उपड्या खोक्यावर, खिशात इकामा घालून, सावलीत बसायचा. तारेच्या आत. बाहेर पाऊल टाकायचा नाही.

सौदीकरण हा शब्द तेव्हा नवीन होता. दुकानांतून, कचेऱ्यांतून परक्यांना काढून सौदी मुलं ठेवायची. दाऊदच्या काउंटरवरही एक मुलगा आला होता, दाऊद त्याला काम शिकवत होता आणि दोघांनाही माहीत होतं कशासाठी. त्यातच रस्त्यारस्त्यांवर इकाम्याची तपासणी सुरू झाली. अंगावर इकामा नाही म्हणजे गाडीत, गाडीतून ठाण्यावर, ठाण्यावरून तर्हीलला, म्हणजे हद्दपारीच्या कोंडवाड्यात, तिथून विमानात. आणि माझं नाव दाऊदच्याच इकाम्यात होतं. तो गेला की मी गेले. पोटात पोर घेऊन त्या कोंडवाड्यात बायकांच्या बाजूला बसायचं, हे मला रोज दिसायचं.

त्या शुक्रवारी इस्माईलभाईंचे नातेवाईक मक्केचा उमरा करून परत निघाले होते. त्यांच्या गाद्या-बोचकी पिकअपवर बांधायला दोरी पुरेना. हमीदाभाभीनं काकांची तार सोडून त्यांना बांधायला दिली. संध्याकाळपर्यंत परत येईल म्हणाली. इस्माईलभाईंना उशीर झाला. वात लावायच्या वेळी काका गल्लीच्या तोंडाशी गेले आणि दोन पाइप नुसतेच उभे बघून परत आले. आता शब्बाथ लागला होता, गाठ मारता येत नव्हती. "तार नाही," ते म्हणाले. "उद्या गल्लीत कुणी खिशात काही घेऊन जायचं नाही." दाऊदनं इकामा काढून तांदळाच्या डब्यावर ठेवला. तो नसता ठेवला तर पुढचं काही झालं नसतं. पण तो तसा माणूस होता. मला तो तसाच मिळाला होता.

तर गाडी गेली. हमीदाभाभी धावत आली. तिनं सगळं तिच्या दारातून बघितलं होतं. रिकाम्या पाइपांकडे बघून तिनं कपाळावर हात मारला. "माझ्यामुळे झालं. मी तार काढली."

काका भिंतीला टेकून उभे. तोंडाचा रंग उतरलेला. मी म्हटलं, "काका, बोला काहीतरी. एरवी बोलता ना."

"हमीदा घेऊन जाईल इकामा," ते म्हणाले. "ती नेऊ शकते."

"एकटी बाई ठाण्यावर कशी जाईल, चाचा?" हमीदाभाभी म्हणाली. "मलाच आत बसवतील."

"इस्माईल?"

"बंदरावर. कधी येईल अल्लाला माहीत."

मी आत गेले, डब्यावरचा इकामा उचलला आणि अबायाच्या आत छातीशी धरला. बाहेर येऊन म्हटलं, "पोटातलं नेलं तर चालतं आणि हातातलं नेलं तर चालत नाही, हे देव मला नंतर समजावेल. मी चालले."

काका म्हणाले, "थांब." मला वाटलं, अडवणार. ते स्वतःच्या खोलीत गेले आणि बाहेर आले ते सदऱ्याच्या खिशावरून हात फिरवत. त्यांनी स्वतःचा इकामा घेतला होता. शब्बाथला खिशात काही घातलेले काका मी त्याआधी बघितले नव्हते. "जीव अडकला असेल तर शब्बाथ मोडायचाच असतो," म्हणाले. "तोही नियमच आहे. मला आठवायला वेळ लागला." मग म्हणाले, "चालत जाऊ. वाहनात नको."

मी टॅक्सीला हात केला. म्हटलं, "मोडायचाच आहे तर नीट मोडू." काका पुढे बसले, आम्ही दोघी मागे. हमीदाभाभीनं माझा हात धरला होता आणि वाटभर काहीतरी पुटपुटत होती. मी म्हटलं, "दुआ मागतेस?" ती म्हणाली, "नाही गो. काय खोटं बोलायचं ते जुळवतेय."

ठाण्यात माणसं जमिनीवर उकिडवी बसवली होती. बांगलादेशी, यमनी, आपली मल्याळी पोरं. दाऊद भिंतीकडेला होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि आधी बघितलं ते काकांच्या खिशाकडे. खिसा फुगलेला होता. त्यानं डोळे मिटले. मला राग आला. नवऱ्याला सोडवायला आलेली बायको सोडून हा माणूस खिसा बघतो.

टेबलामागे अधिकारी होता, पिकल्या मिशांचा. मी इकामा पुढे ठेवला. त्यानं उघडला, फोटो बघितला, तारीख बघितली. सगळं बरोबर होतं. मग त्यानं तपकिरी पुठ्ठा पुन्हा उलटून बघितला आणि दाऊदला जवळ बोलावलं. "नाव दाऊद. मुसलमान नाही. मग काय? मसीही?"

दाऊद होय म्हणाला असता तर सुटलो असतो. नाही म्हणाला असता तर पुढचा प्रश्न एकच होता. तो दोन्ही म्हणेना.

"आणि इकामा घरात असून उद्या आणतो म्हणालास. का?"

तेवढ्यात हमीदाभाभी पुढे झाली. बुरख्यातून फक्त डोळे दिसत होते, पण आवाज असा की सगळं ठाणं वळून बघायला लागलं. तिची अरबी बाजारातली होती, भाजीवाल्यांशी भांडून शिकलेली. "मी सांगते, साहेब. त्याला लाज वाटते. ही त्याची बायको. हिनं त्याला घराबाहेर काढलाय. काल रात्रीपासून. दाराला आतून कडी. उद्यापर्यंत आत पाऊल टाकलंस तर बघ, असं बजावलंय. इकामा आत, नवरा बाहेर. तो बिचारा काय सांगणार तुमच्या शिपायाला?"

अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे.

"कितवा महिना?"

"आठवा," हमीदाभाभी म्हणाली. "आठव्यात डोकं ठिकाणावर नसतं, साहेब. तुमच्या घरी माहीत असेल."

अधिकारी मला म्हणाला, "खरं?"

मला अरबीचे चार शब्द येत होते. त्यातला एक वापरला. "ऐवा." म्हणजे हो.

आधी कोपऱ्यातला शिपाई हसला. मग अधिकारी. मग जमिनीवर बसलेली ती पोरं, ज्यांचं पुढे काय होणार होतं देव जाणे, तीही हसली. अधिकाऱ्यानं इकामा दाऊदच्या हातात ठेवला. "बायकोची माफी माग. आणि पुन्हा भांडलास तर भांडायच्या आधी हे खिशात घाल. खलास, यल्ला." धर्माचं पुन्हा कुणी विचारलं नाही.

बाहेर उन्हात येऊन दाऊद इकामा हातात धरून उभा राहिला. खिशात घालेना. काकांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः त्याच्या खिशात घातला. घरी येताना मात्र दोघे पुरुष चालत आले. आम्ही दोघी टॅक्सीनं. घरी पोचल्यावर हमीदाभाभीनं न विचारता गॅस पेटवला. आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती पहिल्यांदा आमच्या ताटाला बसली. आंबट कालवण तिनं दोनदा घेतलं. म्हणाली, "गरम असलं की बरं लागतं गो तुमचं जेवण." इस्माईलभाई संध्याकाळी तार घेऊन आले. शब्बाथ सुटल्यावर काकांनी ती बांधली, हमीदाभाभीनं पाइप धरला.

गल्लीत त्यानंतर माझं नाव नवऱ्याला बाहेर काढणारी असं पडलं. कोपऱ्यावरचा यमनी दुकानदार दाऊदला विचारायचा, "आज आत की बाहेर?" मी कुणाची समजूत काढली नाही. काकांनी पुढच्या आठवड्यात नवीन निवाडा दिला. इथे इकामा म्हणजे माणसाचा अंगरखा आहे, त्याशिवाय उघड्यावर येता येत नाही, आणि अंगात घातलेलं कापड म्हणजे ओझं नव्हे. हे शास्त्राला धरून आहे की नाही, मला माहीत नाही. विचारायला रब्बी नव्हता. पुढच्या शनिवारपासून दाऊदचा इकामा खिशात राहिला, तार असो नसो. आणि तार मात्र कधी नसायची नाही. हमीदाभाभीनं कपड्यांसाठी स्वतःची वेगळी दोरी आणली. दर शुक्रवारी अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन दोन्ही गाठी ओढून बघायची आणि काकांच्या दारावर थाप मारायची. "चाचा, तार जागेवर आहे."

मुलीकडे इस्रायलमध्ये अश्दोदला गेले होते तेव्हा तिनं मला शहराच्या कडेला नेऊन खांब दाखवले. अख्ख्या शहराभोवती तार फिरवलेली आहे. बायका शनिवारी बाबागाड्या ढकलत जातात आणि वर बघतही नाहीत. तार तुटली की नाही बघायला पगारी माणूस आहे, दर आठवड्याला गाडीतून फिरतो. मुलगी म्हणाली, "आई, किती चांगली सोय आहे ना." आहे. मी म्हटलं, आमच्याकडे हे काम एक मुसलमान बाई हलव्याच्या एका वडीवर करायची. मुलीला वाटलं मी गंमत करते. तिच्या जन्माच्या आधीची गोष्ट, तिला काय माहीत.

दाऊदचं काउंटर पुढे दोन वर्षांनी त्या सौदी मुलाला मिळालं. मुलगा चांगला होता, निरोपाला खजुराची पेटी घेऊन घरी आला होता. आम्ही परत आलो, अलिबागला फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते चाललं. मला जेद्दाचं वाईट काही बोलता येत नाही. भीती होती ती होतीच. पण परक्या देशात, जिथे आमचं नावसुद्धा घ्यायची सोय नव्हती, तिथे आमचा शब्बाथ कुणीतरी राखला, आणि ते आमचं कुणी नव्हतं. त्यासाठी मी कुणाचे आभार मानायचे ते मला ठाऊक आहे आणि मी ते तिला दर सणाला फोनवर सांगते. ती म्हणते, "पुरे गो. वडी पाठव."

बिन्यामीनकाका जेद्दाहून परतल्यावर वर्षभरात गेले. इस्माईलभाई गेले. दाऊदला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसलेल्या आम्ही दोघी अजून आहोत, आणि माझ्या पोटात होती ती आहे.